घर लहान केल्याने खर्च नेमका किती कमी होतो?

वळचण (धागाकर्ती)

लहान घरांविषयी जे लिहिले आणि दाखवले जाते, त्यात बहुधा एकच चित्र असते: उतरते छप्पर, लाकडी भिंती, शिडीने चढून जाण्याचा पोटमाळा आणि खिडकीशी बसलेले प्रसन्न जोडपे. या चित्राची आम्हालाही बराच काळ भुरळ पडली होती. गेली दोन वर्षे मी आणि माझे यजमान स्वतःच्या घराचा विचार करत आहोत. कुटुंबात आम्ही तिघे आहोत. मुलगी दहा वर्षांची आहे. दरमहा जेवढा हप्ता आम्हाला झेपेल, त्यात तीन पर्याय बसतात. पहिला, कामाच्या ठिकाणाजवळ इमारतीतले साधारण २५ चौरस मीटरचे घर. दुसरा, त्याच्या दुप्पट मोठे घर, पण इतक्या दूर की आम्हा दोघांचे रोज तीन-तीन तास प्रवासात जातील. तिसरा, दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने लहानसे सुटे घर उभारणे.

ज्यांच्याशी बोलावे ते सांगतात की घर लहान घ्या, खर्च आपोआप कमी होईल. परंतु प्रत्यक्ष चौकशी करताना मला असे दिसले की एकाच इमारतीत निम्म्या क्षेत्रफळाच्या घराची किंमत निम्मी नसते, निम्म्याहून बरीच जास्त असते. सुट्या घराच्या बांधकामाचा अंदाज मागवला तेव्हाही तसेच झाले. घर एक तृतीयांश कमी केले, तर रक्कम जेमतेम एक षष्ठांशाने उतरली. हे असे का होते आणि लहान घरात राहिल्याने जी बचत होते ती नेमकी कुठून येते, हे मला समजून घ्यायचे आहे. सजावटीच्या युक्त्या, घडीचे पलंग, भिंतीत मिटणारी टेबले यांची माहिती भरपूर उपलब्ध आहे, त्यामुळे त्याविषयी कृपया लिहू नये. ज्यांनी अशी घरे बांधली आहेत, ज्यांनी त्यांत दिवस काढले आहेत किंवा ज्यांचा जमिनीच्या व्यवहाराचा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मोजपट्टी

बांधकामाची अंदाजपत्रके तयार करणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूमितीपासून सुरू करतो.

१० मीटर गुणिले १० मीटरचे घर घ्या. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, परिमिती ४० मीटर, आणि उंची ३ मीटर धरली तर बाहेरच्या भिंती १२० चौरस मीटर. आता ५ गुणिले ५ मीटरचे घर घ्या. क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, परिमिती २० मीटर, भिंती ६० चौरस मीटर. जागा चौथ्या हिश्शावर आली, भिंती मात्र निम्म्यावरच थांबल्या. म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे मोठ्या घरात १.२ चौरस मीटर भिंत बांधावी लागते आणि लहान घरात २.४. पाया भिंतीखालून जातो, गिलावा, रंग आणि ओल रोखण्याचे काम भिंतीवर होते, आणि उन्हाळ्यात उष्णता आत येते किंवा थंडीत बाहेर जाते तीही मुख्यतः भिंती-छपरांतूनच. हा सर्व खर्च क्षेत्रफळाबरोबर त्याच प्रमाणात उतरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की घरातली सर्वांत महाग जागा म्हणजे स्वयंपाकघर, मोरी आणि शौचालय. नळकाम, मैलापाण्याची वाहिनी, फरशा, ओटा, वीजजोडणी आणि तिचा फलक हे सगळे घर २५ मीटरचे असो वा ६० चे, एकेकदा करावेच लागते. सर्वांत स्वस्त जागा म्हणजे चार भिंतींची रिकामी खोली. घर लहान करताना आपण नेमकी ही स्वस्त खोली काढतो आणि महाग ते सर्व ठेवतो. तुमचा अंदाज एक षष्ठांशानेच का उतरला, याचे कारण त्यात आहे. ठेकेदाराने फसवले असेलच असे नाही.

एक गोष्ट मात्र इमारतीतल्या घराच्या बाजूने सांगायला हवी. वरचा हिशेब चारही बाजूंनी मोकळ्या असलेल्या सुट्या घराचा आहे. इमारतीत किंवा ओळीतल्या घरात दोन-तीन भिंती शेजाऱ्याबरोबर वाटल्या जातात, छप्पर अनेकांत वाटले जाते, नळाच्या वाहिन्या एकावर एक येतात. त्यामुळे लहान घर बांधायचेच असेल तर ते शेजाऱ्याला चिकटून बांधणे हे शहाणपणाचे आहे. मोकळ्या जागेत एकटे उभे राहिलेले २० मीटरचे देखणे घर हा बांधकामाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत खर्चिक प्रकार होय, आणि नेमके त्याचेच फोटो सर्वत्र पाहायला मिळतात.

पाऊलवाट

मी अमेरिकेत असताना चार वर्षे चाकांवरच्या घरात राहिलो. आमचे घर साधारण १८ चौरस मीटरचे होते, त्यात पोटमाळा धरलेला नाही. तुमच्या तिसऱ्या पर्यायाशी माझा अनुभव सर्वांत जवळचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तिकडे या घरांना चाके का लावली गेली, हे आधी समजून घ्यावे. अनेक ठिकाणच्या नियमांत घराच्या किमान क्षेत्रफळाची अट होती आणि तेवढे लहान घर पायावर बांधण्यास परवानगी मिळत नसे. जे शेफर यांनी १९९९ साली सुमारे १०० चौरस फुटांचे घर ट्रेलरवर बांधले ते याच अडचणीतून वाट काढण्यासाठी, आणि पुढे त्यातूनच एक चळवळ उभी राहिली. चाकांवर असल्याने ते कायद्याच्या दृष्टीने घर उरत नाही, वाहन ठरते. मग रस्त्याचे नियम लागू होतात. विशेष परवाना न काढता रस्त्यावरून न्यायचे तर रुंदी साडेआठ फूट आणि उंची बहुतेक राज्यांत साडेतेरा फूट, याच्या बाहेर जाता येत नाही. म्हणजे माणसाला किती जागा लागते याचा विचार करून त्या घरांची रुंदी ठरलेली नाही, ती मालमोटारीच्या मापाने ठरली आहे. पुढे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेत लहान घरांसाठी एक परिशिष्ट आले. पोटमाळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला त्यात मान्यता आहे, छताची उंची किमान ६ फूट ८ इंच हवी, आणि पोटमाळा किमान ३५ चौरस फुटांचा असून आगीच्या वेळी त्यातून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. हे नियम स्थानिक शासनाने स्वीकारले तरच लागू होतात.

आता पैशाविषयी. घर बांधायला आम्हाला कमी पैसे लागले, हे खरेच आहे. परंतु वाहन असल्यामुळे गृहकर्ज मिळाले नाही, आणि जे वैयक्तिक कर्ज मिळाले त्याचा व्याजदर अधिक व मुदत कमी होती. जागा भाड्याची होती. चार वर्षांत तीन वेळा आम्हाला जागा सोडावी लागली. एकदा मालकाने जमीन विकली, एकदा शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि एकदा भाडेच इतके वाढवले गेले की निघण्यावाचून इलाज उरला नाही. घर आमचे होते, पण ते कुठे उभे राहील हे दरवेळी दुसरा कोणीतरी ठरवत होता. शेवटी घर विकले तेव्हा ते जुन्या वाहनाच्या भावाने गेले. त्या चार वर्षांत आसपासच्या जमिनीचे भाव वाढले होते, आणि ती वाढ अर्थातच जमीनमालकांकडे गेली.

तरीही त्या काळाविषयी माझ्या मनात कटुता नाही. सकाळी उठून दहा मिनिटांत घर आवरून होत असे, आणि नको ती वस्तू विकत घेण्याची सवय कायमची गेली. मी एवढेच सांगेन की तुमच्या तिसऱ्या पर्यायात घराच्या आराखड्यावर जेवढा वेळ घालवाल, त्याच्या चौपट भाडेपट्ट्याच्या मसुद्यावर घालवा.

सांजवेळ

मी वेगळ्या बाजूने लिहिते. आम्ही चौघे अकरा वर्षे एका खोलीच्या घरात राहिलो. खोली साधारण २२ चौरस मीटरची होती, आणि त्यातली शेवटची तीन वर्षे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

जागा अपुरी पडते ती रोजच्या कामांत नाही. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, झोप यांचा क्रम लावता येतो, आणि माणसे तो लावतात. जागा अपुरी पडते ती दोन जणांना एकाच वेळी परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात तेव्हा. सासूबाईंना रात्री दोनदा-तीनदा उठवून कूस बदलावी लागे आणि त्यासाठी दिवा लावावा लागे, त्याच वेळी दहावीत असलेल्या मुलाला झोप हवी असे. त्यांना कण्हावेसे वाटे आणि मुलांना ऐकू जाईल म्हणून त्या तोंडावर पदर धरत. हे आठवले की आजही मला वाईट वाटते. आजारी माणसाला मोकळेपणाने विव्हळताही येऊ नये, एवढी कमी जागा कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

म्हणून माझे तुम्हाला सांगणे असे की क्षेत्रफळ पाहण्याआधी दारे मोजा. २५ मीटरचे एक दालन आणि २५ मीटरच्याच दोन खोल्या, ज्यांच्यामध्ये बंद होणारे दार आहे, या दोन पूर्णपणे निराळ्या गोष्टी आहेत. उघड्या आराखड्यामुळे घर मोठे दिसते हे खरे, पण मोठे दिसण्याची गरज पाहुण्याला असते. राहणाऱ्याला दार लागते. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने पुरेशा जागेचा निकष ठरवताना एका खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे नसावीत असे म्हटले आहे. त्यांनीही मोजमाप चौरस मीटरमध्ये न करता खोलीमागे माणसे असे केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

तुमची मुलगी आज दहा वर्षांची आहे. हप्ते फिटेपर्यंत ती तीस वर्षांची होईल, आणि तुम्ही दोघे गुडघे दुखण्याच्या वयात आलेले असाल. पोटमाळ्याच्या शिडीचा विचार त्या वयाच्या पायांनी करावा.

पाऊलवाट

सांजवेळ यांचे शिडीविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा पाय मुरगळला तेव्हा मी तीन आठवडे खालच्या बाकावर झोपलो होतो. दारांविषयी मात्र थोडा मतभेद नोंदवतो. फार लहान घरात दार लावले की दोन्ही बाजूंना कोंदट कप्पे तयार होतात. आम्ही सरकते दार लावून पाहिले, त्याने दृष्टिआड होण्याची सोय झाली, परंतु आवाज अडला नाही. त्यामुळे दार हवे असेल तर घर एका विशिष्ट मापापेक्षा लहान असून चालणार नाही, असा त्याचा अर्थ होतो.

क्षितिजरेषा

मी नगरनियोजनाच्या क्षेत्रात काम करते. मोजपट्टी यांनी बांधकामाचा हिशेब उत्तम मांडला आहे, पण वळचण यांच्या प्रश्नातला मोठा भाग बांधकामाचा नसून जमिनीचा आहे.

काथारिना नोल, मोरित्झ शुलारिक आणि थॉमस श्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी १४ प्रगत देशांतील घरांच्या किमतींचा १८७० पासूनचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या किमतींत जी वाढ झाली, तिच्यापैकी सुमारे ८० टक्के वाढीचे कारण जमिनीच्या भावातली वाढ हे आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विटा, सिमेंट आणि मजुरी यांचा वाटा उरलेल्या भागात येतो. आपण घर लहान करतो तेव्हा मुख्यतः या उरलेल्या भागात काटकसर करत असतो.

यावर कोणी म्हणेल की लहान घराला जमीनही कमी लागते, मग जमिनीचा खर्चही कमी झाला पाहिजे. इथे जमिनीचा भाव कसा ठरतो हे पाहावे लागते. विकासक जमीन घेताना उलट्या दिशेने हिशेब करतो: सर्व घरे विकून किती रक्कम येईल, त्यातून बांधकाम, व्याज आणि नफा वजा केला की जे उरते तेवढे तो जमीनमालकाला देऊ शकतो. एखाद्या भूखंडावर १००० चौरस मीटर बांधकामाला परवानगी आहे असे समजा. त्यात ५० मीटरची २० घरे होतील किंवा २५ मीटरची ४० होतील. लहान घर घेणारे लोक दर मीटरला अधिक भाव देतात, कारण ते एकूण हप्त्याकडे पाहून घर घेतात आणि त्यांना त्याहून मोठे परवडतच नाही. मग ४० घरांची एकूण विक्री २० घरांच्या विक्रीपेक्षा जास्त होते, पुढच्या लिलावात विकासक त्याच भूखंडाला अधिक बोली लावतात, आणि ग्राहकांनी जागेत केलेली काटकसर जमीनमालकाच्या हाती जाते. वळचण यांना एकाच इमारतीत जे दिसले, त्याची ही दुसरी बाजू आहे. बांधकामाची एकूण परवानगी तेवढीच ठेवून फक्त घरे लहान करू दिली, तर घरे स्वस्त होतील ही आशा फारशी खरी ठरत नाही. याउलट ऑकलंड शहराने २०१६ साली आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला परवानगी दिली, आणि त्यानंतर तिथे घरबांधणीच्या परवान्यांची संख्या लक्षणीय वाढली. जमीनमालकांमध्ये स्पर्धा निर्माण झाली तरच त्यांचा भाव उतरतो, आणि त्यासाठी परवानगी एका भूखंडापुरती असून भागत नाही, ती शहरभर द्यावी लागते.

ज्या लहान घरांची आपण आदर्श म्हणून नावे घेतो, त्यांच्या जमिनीचा शोध घेतला तर एक गोष्ट आढळते. हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८४५ साली तळ्याकाठी १० गुणिले १५ फुटांची झोपडी बांधली. ती जमीन त्यांचे स्नेही राल्फ वाल्डो इमर्सन यांच्या मालकीची होती. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी ३.६६ मीटर चौरस आणि २.२६ मीटर उंच अशी कुटी उभारली. तिच्यात स्वयंपाकघर नव्हते, कारण ती ज्या खाणावळीला लागून होती तिथेच ते जेवत असत. या दोन्ही घरांची किंमत कमी होती हे निर्विवाद आहे. मात्र जमीन, स्वयंपाकघर आणि साठवणीची जागा यांचा भार घराबाहेर कोणीतरी वाहत होते, म्हणून ती इतकी लहान राहू शकली.

वळचण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. क्षितिजरेषा यांच्या प्रतिसादाने माझ्या मनातला गोंधळ बराच दूर झाला, परंतु एक शंका उरते. लहान घरांना मोकळीक दिल्याने फायदा जमीनमालकाला होतो म्हणून किमान क्षेत्रफळाचे नियम कडक ठेवले, तर ज्याला लहान घरच परवडते त्याने कुठे जायचे? अशा नियमाने लहान घर नाहीसे होते, मोठे घर त्याच्या आवाक्यात येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक आहे, पण अंथरूणच काढून घेतले तर उपयोग काय?

क्षितिजरेषा

तुमची शंका रास्त आहे आणि नियोजनात काम करणाऱ्यांनी ती गांभीर्याने घेतली पाहिजे. किमान क्षेत्रफळाची अट अनेक ठिकाणी गरिबांना वस्तीबाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली आहे, हे मी नाकारत नाही. तरीही अट काढून टाकल्यावर काय होते याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून कार्यालयांच्या इमारतींचे घरांत रूपांतर करण्यास नेहमीच्या नियोजन-परवानगीची गरज उरली नाही. शासनाने करवून घेतलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की या मार्गाने झालेल्या घरांपैकी जेमतेम २२ टक्के घरे किमान क्षेत्रफळाच्या राष्ट्रीय मापदंडात बसत होती, तर रीतसर परवानगी घेऊन झालेल्या रूपांतरांत हे प्रमाण ७३ टक्के होते. काही खोल्यांना तर बाहेरच्या बाजूला खिडकीही नव्हती. अखेर एप्रिल २०२१ पासून अशा घरांनाही तो मापदंड लागू झाला. एका माणसासाठी स्नानगृहात केवळ शॉवर असेल तर किमान ३७ चौरस मीटर, असे त्यात म्हटले आहे. हाँगकाँगमध्ये एकेका घराचे तुकडे करून भाड्याने देण्याची पद्धत इतकी पसरली की २०२५ साली तिथे कायदा करून अशा घरासाठी किमान ८ चौरस मीटर, खिडकी आणि स्वतंत्र शौचालय बंधनकारक करण्यात आले. ८ मीटर हे माप वाचून आपल्याला धक्का बसतो, पण त्याहूनही लहान जागेत माणसे राहत होती म्हणून तो आकडा लिहावा लागला.

म्हणून मला असे वाटते की लहान घर आणि स्वस्त घर यांची सांगड घालायची तर जमिनीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. व्हिएन्ना नगरपालिकेने ते केले. १९२३ साली तिथे घरांवर चढता कर बसवण्यात आला, महाग घरांवर तो कितीतरी अधिक होता, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत पालिकेने ६० हजारांहून अधिक घरे बांधली. सुरुवातीची बहुतेक घरे ३८ चौरस मीटरची होती आणि उरलेली ४८ ची. म्हणजे ती मोठी नव्हती. परंतु प्रत्येक घरात पाणी आणि शौचालय होते, आणि घराबाहेर धुलाईघरे, स्नानगृहे, बालवाड्या, वाचनालये आणि झाडांची मोठी पटांगणे होती. १९३० साली पूर्ण झालेल्या कार्ल-मार्क्स-होफ या संकुलात १३८२ घरे होती आणि भूखंडाचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नव्हता. सांजवेळ यांच्या सासूबाईंचे कपडे धुण्याची आणि मुलाच्या अभ्यासाची जागा घराबाहेर पण पायरीच्या अंतरावर असेल, तर ३८ मीटरचे घर ३८ मीटरचे राहत नाही.

दुसरा मार्ग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेत १९६९ साली जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी पहिला सामुदायिक भूमी-न्यास उभा राहिला. त्याच्या प्रवर्तकांना विनोबांच्या भूदान-ग्रामदान चळवळीतून प्रेरणा मिळाली होती. जमीन न्यासाच्या मालकीची राहते, ती कधीच विकली जात नाही, आणि कुटुंबे दीर्घ मुदतीच्या, बहुधा ९९ वर्षांच्या पट्ट्यावर फक्त घराची मालकी घेतात. घर विकताना किंमत ठरलेल्या सूत्रानेच घ्यावी लागते, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडते. तो पहिला न्यास दुष्काळ आणि कर्जाच्या नाकारणीमुळे १९८५ साली जमीन गमावून बसला, पण व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात १९८४ साली सुरू झालेला न्यास आजही काम करत आहे. पाऊलवाट यांचे घर अशा न्यासाच्या जमिनीवर असते, तर त्यांना तीन वेळा हलावे लागले नसते.

मोजपट्टी

हवेविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. २५ चौरस मीटरच्या घराची उंची २.६ मीटर धरली तर आत ६५ घनमीटर हवा असते. झोपलेला माणूस तासाला साधारण १३ लिटर कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सोडतो. तीन माणसे, दारे-खिडक्या घट्ट बंद, असे धरले तर दर तासाला कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ६०० ने वाढते, आणि चार तासांत ते बाहेरच्या ४२० वरून २८०० च्या आसपास जाते. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येतच असते, पण सकाळी डोके जड होण्याचे कारण अनेकदा हेच असते. कपडे घरात वाळवले तर एका धुण्यामागे सुमारे दोन लिटर पाणी त्याच हवेत मिसळते आणि थंड भिंतीवर बुरशी धरते. समोरासमोर दोन बाजूंना खिडक्या असलेले घर मिळत असेल तर त्यासाठी दोन-तीन मीटर जागा सोडून देण्यास हरकत नाही.

आणखी एक. इमारतीतले लहान घर घेताना दुरुस्तीचा निर्णय कोण घेणार, हे विचारून घ्या. टोकियोतील नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ साली १४० कॅप्सूल, म्हणजे आधीच तयार केलेल्या एकेका खोलीचे डबे, जोडून उभा राहिला. दर २५ वर्षांनी कॅप्सूल बदलावेत अशी कल्पना होती, पण खालचा काढायचा तर वरचे आधी काढावे लागत, इतक्या मालकांचे एकमत आणि पैसा कधी जमला नाही, आणि एकही कॅप्सूल न बदलता २०२२ साली ती इमारत पाडावी लागली.

वळचण

धाग्यावर चर्चा सुरू असतानाच आम्ही एक प्रयोग केला. ओळखीच्या एका रिकाम्या सभागृहाच्या फरशीवर ५ गुणिले ५ मीटरचा चौकोन खडूने आखला, त्यात ओटा, मोरी, शौचालय, पलंग आणि कपाट यांच्या मापाची खोकी मांडली, आणि शनिवारी संध्याकाळी चार ते रविवारी सकाळी नऊपर्यंत तिघेही रेघेबाहेर न जाता राहिलो. पहिले दोन तास सोपे गेले. रात्री नऊनंतर यजमानांना दूरध्वनीवर कामाचे बोलणे करायचे होते, मुलीला झोपायचे होते आणि मला वाचायचे होते. सांजवेळ यांनी लिहिलेल्या परस्परविरोधी गरजा आमच्यापुढे अवघ्या पाच तासांत उभ्या राहिल्या, आणि आम्ही तिघेही निरोगी होतो.

रविवारी सकाळी आम्ही एका बाजूने रेघ दोन मीटर पुढे सरकवली आणि त्या ७ गुणिले ५ च्या चौकोनात मधोमध एक दार आखले. ३५ चौरस मीटर झाले. मुलीने त्यातल्या लहान भागात पलंग आणि टेबल यांची खोकी स्वतः लावली आणि खिडकी कुठे हवी हेही सांगितले. आता आम्ही २५ चा आग्रह सोडून ३५ च्या आसपासचे, दोन खोल्यांचे, दोन बाजूंना खिडक्या असलेले घर कामापासून मध्यम अंतरावर शोधत आहोत. सुट्या घराचा विचार मात्र पूर्णपणे सोडलेला नाही, कारण एका सहकारी संस्थेकडे ३० वर्षांच्या पट्ट्यावर जमीन मिळण्याची शक्यता दिसते. त्यांच्या मसुद्यात नूतनीकरण ‘परस्पर संमतीने’ होईल असे म्हटले आहे. क्षितिजरेषा, हे पुरेसे आहे का?

क्षितिजरेषा

नाही, पुरेसे नाही. परस्पर संमतीने याचा अर्थ मुदत संपताना संस्थेने नकार दिला तर तुमचा कोणताही हक्क उरत नाही. नूतनीकरण हा पट्टेदाराचा हक्क आहे असे स्पष्ट लिहून घ्यावे, भुईभाडे कोणत्या सूत्राने वाढेल ते आकड्यांत नमूद करावे, आणि मुदत संपल्यावर किंवा पट्टा मध्येच रद्द झाल्यास बांधलेल्या घराची भरपाई कोण, कशी ठरवून देईल याचे स्वतंत्र कलम असावे. पट्टा नोंदणीकृत असावा, आणि कर्ज देणारी बँक तो तारण म्हणून स्वीकारते का हे सही करण्यापूर्वी बँकेकडून लेखी घ्यावे. बँका साधारणपणे कर्ज फिटल्यानंतरही पट्ट्याची बरीच वर्षे उरावीत अशी अपेक्षा ठेवतात, त्यामुळे २० वर्षांच्या कर्जाला ३० वर्षांचा पट्टा तोकडा पडण्याची शक्यता आहे. आधी मुदत वाढवून मागा, बाकीच्या कलमांवर त्यानंतर बोला.